रांजणावरचा गडवा

दिनू, रांजण आता मी भरतो.

रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी वाचनालयावरून जातो. कालचं उरलेलं पाणी पायरीजवळच्या कडुलिंबाला घालतो, रांजण आतून काथ्यानं घासतो आणि नव्यानं भरतो. तू कधी घासत नव्हतास, नुसता विसळायचास. मी बोललो की म्हणायचास, "मातीले इतकं घासू नाई बे मुनीम, पान्याची चव जाते." चव गेली की राहिली ते सांगणारं सध्या कोणी नाही. संध्याकाळी झाकण काढून पाहतो, तर पाणी जवळजवळ सकाळी होतं तिथंच असतं.

तू कसा गेलास ते इथं लिहीत नाही. तेरवीपर्यंत मी ते इतक्या लोकांना सांगितलं की आता सांगताना दुसऱ्या कुणाची तरी हकिकत सांगतोय असं वाटतं. वाचनालयाच्या अंकासाठी अध्यक्षांनी माझ्याकडे 'दिनकररावांचा परिचय' मागितला. कागद घेऊन बसलो आणि पहिल्याच ओळीला अडलो. दिनकरराव नावाच्या माणसाला मी ओळखत नव्हतो. मी दिनूला ओळखत होतो, आणि त्याच्याशी माझं एक भांडण अर्धं राहिलं आहे. ते पुरं करायला दुसरी जागा नाही, म्हणून हे लिहितो.

भांडणाचं मूळ तुझ्या टेम्पोत आहे. दुसरबीडच्या भांड्यांच्या दुकानांतून मोडीची पोती खामगावला पोचवायचं काम तुझ्याकडे होतं. गावोगावच्या बायका जुनं पितळ मोडीत घालून स्टील नेत होत्या, आणि ते चेपलेलं पितळ तू वाहून नेत होतास. एक दिवस टेम्पो माझ्या बियाण्याच्या दुकानासमोर उभा केलास, पोत्यातून एक पितळी गंज ओढून काढलास आणि काउंटरवर आदळलास.

"वाच."

काठावर टिंबाटिंबांनी कोरलेलं होतं, कोण्या गोविंदा तुकारामाकडून भेट.

"वाचलं. बरं मग?"

"उद्या हे भट्टीत जाईन."

"मग?"

"मंग काय मंग? नाव हाये न बे त्याच्यावर! नाव असलेली चीज मानूस वितळवते कशी?"

मी तुला गंजाचं वजन विचारलं होतं. तू ते पुढं सगळ्या गावाला सांगत फिरलास. "मी याले मेलेल्या मानसाचं नाव दाखवून राह्यलो, अन् हा म्हनते किलो किती?" लोक हसायचे, मीही हसायचो. पण वजन मी उगाच विचारलं नव्हतं. मोडीतलं भांडं सोडवायचं तर तितक्या वजनाचं पितळ दुकानदाराला परत द्यावं लागणार, हे तुझ्या डोक्यात नव्हतं, माझ्या होतं. तुला नाव दिसलं, मला वजन दिसलं. आपली खोली त्या दोन्हींवर उभी राहिली, एवढं तू निदान एकदा कबूल करायला हवं होतंस.

मग पाणी साठवायचे गुंड आले, गंगाळं आली, कोपर, पराती, डबे आले. वाचनालयाच्या न्यासानं मागची खोली दिली, दारावर 'ग्रामवस्तू संग्रहालय' अशी पाटी लागली, आणि लोक म्हणू लागले 'भांड्याची खोली'. न्यासाचा सचिव मी. प्रत्येक भांड्याला मी क्रमांक दिला, उंची मोजली, तोंडाचा घेर मोजला आणि छापील कार्ड लावलं. वस्तू, धातू, माप, कोरलेलं नाव. ते काम मी चोख केलं होतं. आजही म्हणतो.

आणि वर्षभर कोणी आलं नाही.

शाळेची रांग यायची, गुरुजी "हात लावू नका" म्हणत पुढं चालायचे आणि रांग दुसऱ्या दारानं बाहेर पडायची. गावातली माणसं पायरीपर्यंत यायची, आत डोकावायची आणि परत फिरायची. बाया तर हमखास. मी बैठकीत म्हणालो की लोकांना गोडीच नाही, आपण काय करणार. तू दुसऱ्या दिवशी दुपारभर समोरच्या पारावर नुसता बसून राहिलास आणि उन्हं कलल्यावर माझ्या दुकानात आलास.

"मुनीम, तुहं टेबल हटव."

"कोणतं टेबल?"

"दारातलं. वहीचं."

दारातच मी टेबल ठेवलं होतं. त्यावर भेटीची वही आणि दोरीनं बांधलेला पेन. येणाऱ्यानं नाव, गाव लिहून सही करायची आणि मग आत जायचं. मला त्यात काही वावगं दिसत नव्हतं.

"बाया ते वही पाहूनच परतून राह्यल्या," तू म्हणालास. "एक मले इचारते, भाऊ, अथी अंगठा कायचा घेते? कर्जाचं हाये का काही?"

"वही काढली तर किती लोक आले ते कळणार कसं?"

"आता तरी कुठी कळते? पायरीवरून परत गेले ते तुह्या वहीत हायेत का?"

मी टेबल हलवायला परवानगी लागेल असं म्हणालो. परवानगी द्यायची ती मीच. तू दोन्ही हातांनी टेबल उचललंस, वाचनालयात नेऊन ठेवलंस आणि त्याच जागी रांजण आणून बसवलास. झाकणावर तुमच्या घरचा पाणी प्यायचा गडवा पालथा घातलास, तुझ्या आजोबांच्या नावाचा, एका अंगाला किंचित बसलेला.

गडवा उघड्यावर राहणार म्हणून मी त्याला बांधायला साखळी आणली. बसस्टँडवर पेल्याला असते तशी. ती पाहून तू इतका हसलास की खोकला लागला. "गडव्याले बेडी घालतं का बे? पानी पेनाराले वाटीन, हे आपल्याले चोरच समजून राह्यले." साखळी माझ्या गल्ल्याच्या खणात परत गेली.

आणि लोक येऊ लागले. आपल्याकडे कुणाच्या दारचं पाणी पिऊन माणूस दारातूनच जात नाही, घटकाभर टेकतो, इकडचं तिकडचं विचारतो. ती घरची रीत तू खोलीला लावलीस. पाणी प्यालेली बाई मग आपोआप चपला काढून आत यायची, कारण पाणी पिऊन तसंच निघून जाणं तिलाच बरं दिसत नव्हतं. वस्तीच्या त्या टोकाच्या बाया पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी ओंजळी धरल्या, वरून ओता म्हणाल्या. तू ऐकू आलं नाही असं केलंस. भरलेला गडवा पहिलीच्या हातात दिलास आणि स्वतः आत जाऊन खिडक्या उघडत बसलास. ती बाई हातात गडवा घेऊन किती तरी वेळ उभी होती. मग प्याली आणि पुढचीला दिला. मी हे वाचनालयाच्या खिडकीतून पाहत होतो. त्यावर आपण कधी बोललो नाही. बोलायला हवं होतं असंही नाही. पण मी पाहिलं होतं, एवढं तुला माहीत असावं.

कवसाबाईंचा दिवस तुला आठवत असेल. सुलतानपूरच्या कवसाबाई, भाचीच्या लग्नासाठी आपल्या गावी आलेल्या, पाणी प्यायला म्हणून थांबल्या. आत आल्या आणि गंगाळांच्या रांगेपाशी थबकल्या. एका गंगाळाच्या काठावरून हात फिरवत गेल्या, पोच्यापाशी हात थांबला.

"हे आमचं हाये."

मी कार्ड वाचून दाखवलं. कोरलेलं नाव नथ्थू संपतचं होतं. विचारलं, "हे तुमचे वडील?"

"मामा माह्या मायचा. त्यानं आंदनात देल्लं होतं."

"मग आईचं नाव कुठं आहे?"

कवसाबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चष्मा काढून पुसला. "दादा, मायचं नाव कोन घालते भांड्यावर? देनाराचं घालते. पान्यानं भरलेलं हे उचलता उचलता तिची कंबर गेली, अन् नाव मामाचं." मग पोच्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे म्या पाडलं. लहानी होतो. लाथ मारली होती रागानं. मायनं असं धुतलं मले, बाप्पा!" आणि गंगाळाशेजारी खाली बसून पदर तोंडाला लावून हसल्या. हसता हसता रडल्या.

त्या गेल्यावर तू माझ्या कार्डापुढं उभा राहिलास. "धातू हाये. उंची हाये. घेर हाये. बाई कुठी हाये बे याच्यात?"

"बाईचा पुरावा काय?" मी म्हणालो.

इथून आपलं खरं भांडण सुरू झालं.

तुझं म्हणणं, छापील कार्डाखाली कोरं कार्ड लावू आणि ज्याला जे आठवतं ते त्याला लिहू देऊ. लिहिता येत नसेल तर सांगेल, आपण लिहू. माझं म्हणणं, संग्रहालयात लिहिलेलं लोक खरं मानतात, म्हणून खात्री केल्याशिवाय काही लिहू नये. बैठकीत दोन तास गेले. शेवटी मी म्हणालो, लिहायचंच तर शिसपेन्सिलीनं लिहा, म्हणजे चूक निघाली तर खोडता येईल. तू म्हणालास, "चाल. तुह्यासाठी पेन्सिल." आणि प्रत्येक फळीला सुतळीनं एकेक पेन्सिल बांधून टाकलीस.

गंगाळाखालच्या कार्डावर तू लिहिलंस, 'हे यमुनाबाईचं. पोचा लेकीनं पाडला, कवसानं.' दोन महिन्यांनी आपल्याच गावच्या गंगूबाई आल्या आणि त्यांनी सांगितलं की हे गंगाळ आमच्या घरचं, लग्नाच्या बंडीतून पडून पोचा आला. तेही तू खाली लिहून घेतलंस. मी तुला दुकानात बोलावून घेतलं.

"एकच पोचा अन् दोन कारणं. दोन्हींतलं एक तरी खोटं आहे."

"असू दे न."

"असू दे कसं? कोणतं खरं ते ठरवायला नको?"

"तू ठरव. दोघीईले बोलाव, समोरासमोर बसव, एकीले खोटी पाड. जमते का पाह्य." मग म्हणालास, "मुनीम, दोघीईलेबी तो पोचा दिसला न? तू त्याचा घेर मोजला, तुले दिसला होता का?"

दिसला होता. कार्डावर 'काठाला किंचित क्षती' असं मी लिहिलं होतं. पण ते मी तेव्हा म्हणालो नाही, कारण ते शब्द मनात म्हणून पाहिले आणि त्यांत काहीच नव्हतं. तरीही दिनू, माझं म्हणणं मी सोडलेलं नाही. दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध असतील तर वाचणाऱ्याला तसं सांगायला हवं. तू म्हणायचास, ते वाचणाऱ्याला आपोआप दिसतं. यावर आपण अजून बोलणार होतो.

दोन-तीन वर्षांत त्या कार्डांनी फळ्या भरल्या. कुणी लिहिलं, 'या डब्यात आजी चकल्या लपवायची.' कुणी फक्त नाव लिहिलं. एकीनं लिहिलं, 'हा गुंड माझा नाही, पण असाच होता.' मी तुझ्याकडे तक्रार घेऊन आलो, की माझा नाही म्हणते तर लिहिते कशाला. तू कार्ड वाचलंस, आणि पहिल्यांदाच माझी चेष्टा केली नाहीस. "ज्याचं भट्टीत गेलं त्यानं कुठी लिहावं?" एवढंच म्हणालास. तुझ्या टेम्पोतून किती गेलं याचा आकडा तुला माहीत होता की नव्हता ते मी विचारलं नाही. मी, जो सगळ्याचा आकडा विचारतो.

मग फुलपात्र गेलं.

लहानसं, तांब्याचं, मधल्या फळीवरचं. एका सकाळी मोजणी करताना जागा रिकामी दिसली. कार्ड होतं, फुलपात्र नव्हतं. मी खोली उलटीपालटी केली. तुला फोन केला तेव्हा तू टेम्पोत होतास, मागं हॉर्न वाजत होते.

"गेलं असंन," तू म्हणालास.

"गेलं असंन म्हणजे? न्यासाची वस्तू आहे!"

"गेलं त ज्याचं होतं त्याच्याकडंच गेलं असंन. दुसरा कोन नेते ते चिमनीएवढं?"

मला इतका राग आला की मी फोन ठेवून दिला. कारण मला एक बाई आठवत होती. आपल्याच गावची. दोनदा येऊन ते फुलपात्र हातात घेऊन बसलेली, आणि दोन्ही वेळा तू तिच्याशेजारी उकिडवा बसून हळू आवाजात काही बोलत होतास. मी वाचनालयात होतो, मला ऐकू आलं नाही. तुला सरळ विचारायचं होतं की तूच दिलंस का. विचारलं नाही. तू हो म्हणाला असतास तर सचिव म्हणून मला ते बैठकीत मांडावं लागलं असतं, आणि नाही म्हणाला असतास तर मी विश्वास ठेवला नसता.

पण बैठकीत ते मांडलं गेलंच. एक जागा रिकामी आहे हे अध्यक्षांनाही दिसत होतं. शहरातली एक संस्था काचेची कपाटं द्यायला तयार होती. अट एवढीच होती की सगळी कार्डं एकसारखी छापील हवीत आणि वस्तूंना लोकांचा हात लागू नये. निर्णय पुढच्या बैठकीवर गेला.

आपली शेवटची भेट दुसरबीडच्या स्टँडवर झाली. मी एसटीची वाट पाहत होतो, तू टेम्पो बाजूला घेतलास. "बस." मी बसलो. गावापर्यंत आपण मागच्या टायरबद्दल बोललो, कांद्याबद्दल बोललो, शोभा वहिनींच्या गुडघ्याबद्दल बोललो. काचेबद्दल तूही बोलला नाहीस आणि मीही. उतरताना तू म्हणालास, "रविवारी खोलीत बसू. तुले एक सांगाचं हाये."

"आता सांग."

"आता नाई. सुरू झालो त तू उतरनार नाईस, अन् मले माल पोचवाचा हाये."

तो रविवार आला तेव्हा तुझ्या घरी राख सावडून झाली होती. काय सांगायचं होतं तुला? फुलपात्राचं? की काचेला तू तयार झाला होतास? तेही असू शकतं. तू हट्टी होतास पण आडमुठा नव्हतास. मी दोन्ही बाजूंनी विचार करून पाहतो आणि कुठंच पोचत नाही.

तेरवीला कवसाबाई आल्या. सुलतानपूरहून, दोन गाड्या बदलून, सोबत कोणी नाही. जेवायला बसा म्हणालो तर म्हणाल्या, आधी खोली दाखव. खोलीला कुलूप होतं. तू गेल्यापासून अध्यक्षांनी ती बंद ठेवायला सांगितली होती आणि किल्ली माझ्याकडे होती. मी कुलूप काढलं. दारात रांजण कोरडा होता. गडवा जागेवर नव्हता, तू गेलास त्या दिवशी तुझ्या तोंडात पाणी घालायला तुझ्या घरच्यांनी तोच नेला होता. कवसाबाईंनी रांजणात डोकावून पाहिलं आणि आत गेल्या. गंगाळापाशी बसल्या. मला म्हणाल्या, "वाच बरं, काय लिहेल हाये." मी वाचलं. यमुनाबाई, लेक, पोचा. मग खालचं गंगूबाईंचंही वाचलं, कारण अर्धं वाचणं मला जमत नाही.

मला वाटलं, चिडतील. त्यांनी त्या पोच्यावरून बोट फिरवलं. "असंनबी," म्हणाल्या. "आधी बंडीतून पडलं असंन, मंग म्या लाथ मारली असंन. मायनं मले फुकटच मारलं मंग." आणि म्हणाल्या, "दिनूबाबूले सांगतलं असतं. लय हसला असता."

असता. त्या रिकाम्या खोलीत मी त्यांच्याशेजारी खाली बसलो. या खोलीत मी पहिल्यांदाच खाली बसत होतो. खालून भांडी फार मोठी दिसतात, दिनू.

बैठक त्यानंतरच्या आठवड्यात झाली. मी पेन्सिलीच्या कार्डांच्या बाजूनं बोललो. सगळे माझ्याकडे पाहत राहिले. अध्यक्ष म्हणाले, "सचिवसाहेब, खात्री केल्याशिवाय लिहू नये असं तुमचंच म्हणणं होतं न?" मी म्हणालो, अजूनही आहे, म्हणूनच ते पेन्सिलीनं आहे, आणि काचेआड गेलं तर खात्री करायला कोण येणार? कवसाबाई काचेवरून हात फिरवतील का? अध्यक्ष चांगला माणूस आहे. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, "दिनकर होता तोवर दारात माणूस होता. आता कोण बसनार? तुमी दुकान सोडून बसता का?" त्यांचं म्हणणं चूक नाही, हे तुलाही मान्य करावं लागलं असतं.

मतं पडली. चार काचेच्या बाजूनं, तीन आपल्या. घरी येताना मी हिशेब केला. तू असतास तर चार-चार झाली असती, मग अध्यक्षांचं जादा मत त्या बाजूला पडलं असतं आणि आपण हरलोच असतो. म्हणजे तुझ्या नसण्यानं निकालात काही फरक पडला नाही. हिशेब मी पुन्हा तपासला, तो बरोबर आहे. तरी रस्त्यात मला थांबावं लागलं, कारण इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी तुझ्या बाजूनं हात वर केला होता आणि ते बघायला तू नव्हतास. तू काय म्हणाला असतास तेही मला पाठ आहे. "काऊन बे मुनीम, ताप आला का?"

काचा बसल्या. छान आहेत, वाईट म्हणणार नाही. धूळ बसत नाही. पेन्सिली सोडवून घेतल्या, त्यांतली एक माझ्या खिशात असते. कार्डं काढून मी कापडात गुंडाळून घरी आणली; जाळा असं कोणी म्हणालं नव्हतं, ठेवा असंही कोणी म्हणालं नव्हतं. गंगाळाचं नवं कार्ड इंग्रजी आणि मराठी दोन्हींत आहे. पोच्याचा उल्लेख त्यात नाही. वेळ ठरली आहे, टेबल दारात परत आलं आहे, वहीही. रांजण कुणी काढला नाही, फक्त टेबलाच्या पलीकडे पायरीवर सरकवला. त्यावर प्लॅस्टिकचा मग होता. वहीत या महिन्यात शाळेच्या रांगेखेरीज फारशी नावं नाहीत, आणि पायरीवरून परत गेलेले मी आता मोजू लागलो आहे. तो आकडा मी कुणाला देणार नाही.

त्या बैठकीत आणखी एक ठरलं होतं. मधल्या कपाटात, फुलपात्राच्या जागी, तुझा गडवा ठेवायचा. वर फोटो, खाली 'संग्रहालयाचे संस्थापक' असं छापील कार्ड. सगळ्यांनी एकमतानं हात वर केले. मन चांगलं होतं त्यांचं, शंका नाही.

काल तुझ्या घरून शोभा वहिनी दुकानात आल्या. पदराखालून गडवा काढला आणि काउंटरवर ठेवला. आदळला नाही, ठेवला. घासून लखलखीत केला होता.

"अध्यक्षाईनं निरोप धाडला होता, भाऊजी. काचेत ठेवाचा म्हनते."

"हो."

"ठेवा मंग." त्या निघाल्या, आणि दारातून परत फिरल्या. "ते म्हनत जाये, गडवा कोरडा पडला का गेला समजा. पन आता कोनाले सांगाव? तुमी लिहून घ्या न् ठेवा."

लिहून घ्या. नियम असा आहे की नोंद झालेली प्रत्येक वस्तू काचेआड जाईल. ठरावाची भाषा मीच लिहिली आहे, त्यात फट नाही. नोंद करायची ती सचिवानं. आजवर या न्यासात आलेली वाटीसुद्धा मी नोंदीशिवाय ठेवलेली नाही.

वहिनी गेल्यावर मी माप घ्यायला पट्टी काढली. गडव्याची उंची मोजली, तोंडाचा घेर मोजला, आजोबांचं नाव वाचलं. तो बसलेला भाग पाहिला. तो कसा बसला ते मला माहीत नाही, तुला कधी विचारलं नाही. मग पट्टी खणात ठेवली. खणात साखळी होती.

त्या बाईकडे मी अजून गेलो नाही. तिच्या घरी ते फुलपात्र आहे की नाही, हे गेलो तर कळेल, आणि कळलं तर मला लिहावं लागेल. म्हणून त्या गल्लीनं जात नाही. तुला जे सांगायचं होतं ते हेच असेल, तर तू सांगितलंस आणि मी ऐकलं असं धर. दुसरं काही असेल तर ते राहिलं.

अध्यक्ष विचारतील. मी सांगणार आहे की गडवा न्यासाकडे आलेला नाही, आणि ते खरं आहे. जे नोंदलेलं नाही ते आलेलं नाही, हे मीच सगळ्यांना शिकवलं आहे.

आज सकाळी रांजण भरला. घासला नाही, नुसता विसळला. प्लॅस्टिकचा मग घरी आणला आणि झाकणावर गडवा पालथा घातला, बसलेलं अंग रस्त्याकडे करून. संध्याकाळी पाहिलं, पाणी होतं तितकंच होतं. उद्याही कदाचित तितकंच असेल. गडवा राहील की जाईल, सांगता येत नाही.

साखळी खणातच आहे.